इलेक्ट्रिक स्कूटर घेताय? ती रात्री कुठे उभी राहणार ते आधी ठरवा

सावकाश (धागाकर्ता)

ऑफिसला जाण्यायेण्यासाठी मी बऱ्याच दिवसांपासून इलेक्ट्रिक स्कूटर चालवतो. कोणाला कळलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "एका चार्जमध्ये किती जाते?" शहरात रोज ठरावीक रस्त्याने जाणाऱ्या माणसाने या प्रश्नावर अडून बसू नये, असं माझं मत झालं आहे. त्याआधी दुसरं विचारायला हवं. गाडी रात्री जिथे उभी राहणार तिथे हाताशी सॉकेट आहे का?

हिशेब मांडून बघा. नेहमीच्या स्कूटरची बॅटरी २ ते ४ किलोवॅट-तासांची असते, म्हणजे वीजबिलावरची २ ते ४ युनिटं. शहरातल्या वेगाला किलोमीटरमागे साधारण २५ ते ३५ वॅट-तास लागतात. दिवसाकाठी ४० किलोमीटर झाले तरी सव्वा युनिटाच्या आसपास खर्च. घरचा चार्जर ७५० वॅटच्या आगेमागे धरला, तर मधली गळती धरूनही एवढी भर तो दोन तासांत घालतो. आपण झोपलेले असताना काम होऊन जातं. पेट्रोलच्या गाडीची टाकी अर्धी झाली की पंप कधी गाठायचा हे डोक्यात घोळत राहतं, ते इथे मागे लागत नाही.

तोच माणूस सॉकेट नसलेल्या जागी राहत असेल तर तीच गाडी डोक्याला ताप होते. आठवड्यातून दोनतीनदा सार्वजनिक चार्जर शोधा, तो चालू आहे का बघा, आधी कोणी गाडी लावून गेलं असेल तर ताटकळत बसा. काढता येणारी बॅटरी हा त्यावर उपाय आहे, पण ती स्वतः उचलून बघितल्याशिवाय निर्णय घेऊ नका. होंडाचा अदलाबदलीचा पॅक १.३ युनिटांचा आहे आणि वजनाला १० किलोंच्या थोडा वर. एका हातात ते ओझं, दुसऱ्या हातात ऑफिसची बॅग आणि लिफ्ट बंद, हे रोज जमणार आहे का, ते ज्याचं त्याने ठरवावं.

चालवण्याबद्दल एकच गोष्ट सविस्तर लिहितो, कारण विकणारे ती सहसा सांगत नाहीत. थ्रॉटल सोडला की मोटर जनरेटरचं काम करते, थोडी वीज बॅटरीत परत जाते आणि गाडी आपोआप मंदावते. याला सगळे रिजन म्हणतात. काही दिवसांत हाताला त्याची सवय लागते. सिग्नल दिसला की मूठ सैल सोडायची, ब्रेकला हातच लावायचा नाही. पण सकाळी बॅटरी १०० टक्के भरलेली असते तेव्हा परत आलेली वीज ठेवायला जागा नसते, म्हणून बऱ्याच गाड्यांत त्या वेळी रिजन कमी होतं किंवा बंद राहतं. मूठ सोडली तरी गाडी पुढे सरकत राहते. आदल्या संध्याकाळी हात जसा चालला तसा सकाळी चालवला तर पहिल्याच चौकात पुढच्या गाडीच्या फार जवळ जाल. सकाळचे पहिले काही चौक बोटं ब्रेकवर ठेवूनच चालवा.

सामायिक पार्किंग असलेल्यांनी जरूर लिहा, सर्वात जास्त अडचणी तिथेच येतात.

निळी छत्री

अगदी वेळेवर आला धागा. आमची गाडी महिन्याभरात येईल. खाली सामायिक पार्किंग आहे, मीटर-पेटीही तळमजल्यालाच आहे. पण शेजाऱ्यांना आगीची भीती वाटते. एक काका म्हणाले, "जिन्याखाली सोडून कुठेही लाव." मला त्यांची भीती उगाच वाटत नाही. त्यांना नीट उत्तर द्यायचं आहे, नुसतं "काही होत नाही हो" म्हणून वेळ मारून न्यायची नाही. आणि परवानगी मिळेपर्यंत वरच्या मजल्यावरून एक्स्टेन्शन सोडलं तर चालेल का?

तारयंत्र

ताई, एक्स्टेन्शन सोडू नका, अगदी कळकळीने सांगतो. वायरिंग हाच माझा धंदा आहे आणि वितळलेली सॉकेटं मी हातात धरून बघितली आहेत.

७५० वॅटचा चार्जर २३० व्होल्टवर साधारण सव्वातीन अँपिअर ओढतो. आकडा लहान आहे, पण तो तासन् तास सलग वाहतो. पातळ वायर असली, तीही गुंडाळून ठेवलेली असली, तर आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि आवरण मऊ पडायला लागतं. त्याहून वाईट म्हणजे सैल सॉकेट. पिन आणि पट्टी यांचा स्पर्श पुरेसा नसला की तेवढ्याच जागी उष्णता साठते. नवी गाडी आल्यावर एवढं करा. चार्जिंग अर्धा तास चालू द्या, मग स्विच बंद करून प्लग काढा आणि त्याला हात लावून बघा. कोमट लागला तर हरकत नाही. हात ठेववत नसेल किंवा पिनेच्या बुडाशी प्लास्टिक पिवळं पडलं असेल तर त्या सॉकेटमध्ये पुन्हा प्लग घालू नका.

योग्य रीत अशी: तुमच्या मीटरपासून वेगळी लाइन, अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, १६ अँपिअरचं सॉकेट, त्या लाइनला स्वतःचा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज जमिनीकडे गळायला लागली की लाइन तोडणारा स्विच). अर्थिंग मोजून घ्या, आहे असं गृहीत धरू नका. सॉकेट झाकणाच्या पेटीत हवं, आणि पार्किंगमध्ये पाणी साचत असेल तर त्या पातळीच्या बरंच वर. लाइन तुमच्या मीटरवरून असली की "वीज कोणाची" हा वादही उरत नाही, इमारतीच्या बैठकीत त्याचा फार उपयोग होतो.

आता काका. काकांचं बरोबर आहे. लिथियम बॅटरीतला एक सेल बिघडून बेसुमार तापला तर त्याच्या उष्णतेने शेजारचा सेल पेटतो, मग त्याच्या पुढचा. धूर विषारी असतो. ज्वाळा विझल्या असं वाटलं तरी आतली उष्णता गेलेली नसते, त्यामुळे पुन्हा भडका उडतो. थंड करायला भरपूर पाणी लागतं. असं क्वचितच घडतं, पण घडलं तर लोकांना बाहेर पडायला वाट मोकळी हवी. म्हणून जिन्याखाली, दाराच्या तोंडाशी, एकुलत्या एका बोळात चार्जिंग नको. उघड्या बाजूला, भिंतीलगत, आसपास रद्दी-गाद्या-पुठ्ठे नाहीत अशी जागा दाखवा. काकांना सोबत नेऊन दाखवा. जागा त्यांनीच निवडली तर पुढे तक्रार येणार नाही.

बॅटरीचं आवरण फुगलेलं दिसलं, गोडसर रसायनासारखा वास आला, फुसफुस ऐकू आली, तर चार्जिंग बंद करून लांब व्हा आणि अग्निशमन दलाला बोलवा. गाडी जोरात आपटली असेल किंवा पाण्यात बुडाली असेल तर तपासून घेतल्याशिवाय चार्जिंगला लावू नका. चार्जर गाडीसोबत आलेलाच वापरा. पिन बसते म्हणून दुसऱ्या गाडीचा चार्जर लावणं हा जिवाशी खेळ आहे.

निळी छत्री

दादा, मनापासून आभार. हा प्रतिसाद छापून बैठकीत नेणार आहे. काकांना जागा निवडायला सांगायचं, हे तर सुचलंच नव्हतं.

मोजपट्टी

धागाकर्त्यांशी अर्धाच सहमत. सॉकेटचा मुद्दा सोळा आणे खरा. पण रेंजची चिंता नको म्हटलं की लोक सर्वात लहान बॅटरीची गाडी उचलतात आणि पुढे पस्तावतात.

पत्रकावरचा आकडा चाचणीतला असतो. वेग ठरलेला, चालवणारा एकटा, टायरची हवा बरोबर. रस्त्यावर यातलं काही टिकत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ताशी ४० ऐवजी ६० ने गेलात तर तो सव्वादोन पट होतो. मोकळ्या उड्डाणपुलावरून रोज जाणाऱ्याला आणि गल्लीबोळातून जाणाऱ्याला एकाच गाडीची वेगवेगळी रेंज मिळते ती यामुळे. मागे माणूस बसला, चढ लागला, समोरून वारा आला, की आणखी कमी. टायरमध्ये हवा कमी असेल तर ती गळती रोजचीच, आणि ती लक्षातही येत नाही.

त्यात वय. मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांवर बॅटरी आली की गाडीपुरतं तिचं आयुष्य संपत आलं, असं धरण्याची पद्धत आहे. आता उदाहरणादाखल पत्रकावर १२० किलोमीटर आहेत असं धरू. प्रत्यक्षात ९० मिळाले. शेवटचे १५ टक्के कोणी वापरत नाही, कारण तिथे बऱ्याच गाड्या वेग आवरता घेतात, राहिले ७६. जुनी झाल्यावर त्याचे ८० टक्के, म्हणजे ६१. गाडी घेताना या शेवटच्या आकड्याकडे बघा.

सावकाश

मोजपट्टी, हिशेब पटला. नवीन घेणाऱ्याने ही वजाबाकी स्वतःच्या अंतराला लावून बघावी. तरी बघा, ६१ आले तरी रोजचे ४० किलोमीटर त्यात बसतात, ते रात्री सॉकेट आहे म्हणून. सॉकेट नसेल तर १२० वाली गाडीसुद्धा दर दोनतीन दिवसांनी तुम्हाला चार्जर शोधायला लावणार. मोठी बॅटरी तो दिवस पुढे ढकलते, टाळत नाही.

वेगाच्या मुद्द्यावर माझा अनुभव तुमच्या गणिताशी जुळतो. त्याच रस्त्याने शांतपणे आलं की घरी पोचल्यावर बॅटरीचे काही टक्के जास्त शिल्लक दिसतात, आणि वेळ जेमतेम दोनचार मिनिटं जास्त लागतो. सिग्नल सगळ्यांना सारखेच असतात.

पायवाट

मी ही गाडी चालवत नाही, रोज पायी जाते. एक बाजू मांडायची आहे.

माझ्या आईला दिसत नाही. रस्ता ओलांडताना ती कानांवर भिस्त ठेवते. पेट्रोलची गाडी कुठून येतेय, थांबली का, वळली का, हे तिला आवाजावरून कळतं. इलेक्ट्रिक स्कूटर हळू चालत असली की टायरचाही आवाज नसतो, अंगाला वारा लागल्यावरच कळतं की कोणी गेलं. इलेक्ट्रिक मोटारींनी कमी वेगात कृत्रिम आवाज करावा यासाठी संयुक्त राष्ट्रांचा १३८ क्रमांकाचा नियम २०१६ मध्ये लागू झाला, पण तो चारचाकी वर्गातल्या गाड्यांसाठी आहे. दुचाकी त्यात नाहीत. ती जबाबदारी चालवणाऱ्यावरच येते.

पाठीशी येऊन एकदम कर्कश हॉर्न वाजवू नका, त्याने माणूस दचकून भलत्याच दिशेला पाऊल टाकतो. लांबून एकदा हलका द्या, वेग कमी करा आणि बाजूने जागा सोडून जा. पांढरी काठी दिसली तर पूर्ण थांबा. "जा काकू, मी थांबलोय" एवढं तोंडाने म्हटलं तर फार बरं वाटतं.

सावकाश

पायवाट, तुम्ही हे लिहिलंत ते फार गरजेचं होतं. आवाज नसल्याचा धोका चालवणाऱ्यालाही आहे, त्याबद्दल लिहितो.

पेट्रोलची गाडी चालू असली की कानाला कळतं. इथे गाडी "रेडी" आहे की बंद, हे फक्त पडद्यावरच्या छोट्या अक्षरांवरून कळतं. पार्किंगमध्ये बघा काय होतं. माणूस उतरतो, स्टँड लावायच्या आधी गाडी थोडी मागे घ्यायची असते. डावा हात डाव्या मुठीवर, उजवा हात उजव्या मुठीवर, जोर लावताना उजवी मूठ नकळत आत वळते. गाडी चालू राहिलेली असेल तर मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण ओढ लावते आणि गाडी हातातून सुटून समोरच्या भिंतीवर जाते. साइड स्टँड खाली असला की मोटर चालू न देणारी कटऑफ सोय असते, पण इथे स्टँड वर असल्याने तीही कामाला येत नाही. समोर लहान मूल बसलेलं असेल आणि त्याने मूठ पिळली तरी हेच.

म्हणून क्रम पक्का ठेवा. थांबलो, स्विच बंद, पडदा विझला हे डोळ्यांनी बघितलं, मग उतरलो. गाडी सरकवताना उजवा हात मुठीवर ठेवूच नका, मागच्या कड्याला धरा. ज्यांच्याकडे रिव्हर्स मोड आहे त्यांनी तो बसल्या बसल्या वापरावा. घरात जो कोणी गाडी चालवणार त्याला पहिल्या दिवशी हे करून दाखवा, नुसतं सांगून ते हाताला लागत नाही.

उंबरठा

सगळा धागा वाचून काढला. दोन शंका आहेत. बॅटरी ८० टक्क्यांपर्यंतच भरावी म्हणतात, ते खरं का? आणि एलएफपी बॅटरी घ्यावी की एनएमसी? दुकानात एलएफपी हे "एकदम नवं तंत्रज्ञान" म्हणून सांगत होते. जुनी गाडी घेण्याचाही विचार आहे, त्यात काय बघावं तेही सांगा.

मोजपट्टी

एकदम नवं वगैरे काही नाही. सोनीने १९९१ मध्ये पहिली लिथियम-आयन बॅटरी विक्रीला आणली ती कोबाल्टवाली होती. एलएफपी, म्हणजे लोह आणि फॉस्फेटवाली, त्याच दशकात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून पुढे आली. या गुडइनफ यांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल विटिंगहॅम आणि योशिनो यांच्यासोबत विभागून मिळालं. तेव्हा नवेपणासाठी जास्तीचे पैसे मोजू नका, गुण बघून मोजा. एलएफपी तापमानाला जास्त दाद देत नाही, भडकायला जास्त उष्णता लागते, आणि चार्जिंगच्या फेऱ्याही जास्त सोसते. तेवढ्याच क्षमतेला ती जड आणि आकाराने मोठी पडते. एनएमसी, म्हणजे निकेल, मँगनीज आणि कोबाल्टवाली, हलकी, म्हणून लहान गाडीत जास्त रेंज बसवता येते. पार्किंग उन्हात असेल आणि रोजचं अंतर बेताचं असेल तर मी एलएफपी घेईन.

८० टक्क्यांचं म्हणाल तर एनएमसीला त्याचा फायदा होतो. पूर्ण भरलेली बॅटरी उन्हात बराच वेळ उभी राहणं, यासारखं तिला दुसरं वाईट काही नाही. रोजचं अंतर ८० टक्क्यांत भागत असेल तर तिथेच थांबवा, लांब जायचं असेल त्या दिवशी पूर्ण भरा. पण कायम ८० वरच थांबवणंही बरोबर नाही. अनेक गाड्यांत सेल एकमेकांशी समान करण्याचं काम बीएमएस (बॅटरीवर देखरेख ठेवणारं तिच्यातलं सर्किट) चार्जिंगच्या अगदी शेवटी करतं, त्यामुळे अधूनमधून १०० टक्के होऊ द्या. एलएफपीचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट असतं, नुसत्या व्होल्टेजवरून किती शिल्लक आहे ते नीट कळत नाही. तिला नेमाने पूर्ण भरावं, नाहीतर पडद्यावरचा आकडा भरकटतो. शेवटी गाडीच्या पुस्तिकेत जे लिहिलंय ते माझ्या शब्दापेक्षा वरचं.

गावाला वगैरे बरेच दिवस जाणार असाल तर अर्धी भरलेली ठेवून जा. भर उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, अर्धा तास निवू द्या. कडाक्याच्या थंडीच्या ठिकाणी राहत असाल तर शून्य अंशाखाली चार्जिंग टाळा, सेलच्या आत लिथियम धातूचा थर बसतो आणि तो परत जात नाही.

जुनी गाडी घेताना कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीच्या शिल्लक क्षमतेचा अहवाल मागा. मालक नको म्हणत असेल तर सोडून द्या. वॉरंटी नव्या नावावर होते का ते लेखी घ्या. आणि ॲपवरचं जुन्या मालकाचं खातं तुमच्यासमोर काढून टाकायला लावा, त्याशिवाय पैसे देऊ नका. खातं त्याच्याकडेच राहिलं तर गाडी कुठे आहे हे त्याला दिसत राहतं, काही गाड्या तर त्याला लांबून बंदही करता येतात.

तारयंत्र

धुण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. बॅटरीवर आयपी ६७ लिहिलेलं असतं. त्यातला ६ धुळीचा, म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवली तरी अपाय होत नाही. पण ही चाचणी स्थिर पाण्याची आहे. जोराच्या फवाऱ्याची चाचणी वेगळी असते आणि ७ मिळाला म्हणजे ती आपोआप पास झाली असं होत नाही. शिवाय तो आकडा बॅटरीचा. जोडण्या, स्विच, चार्जिंगचं तोंड यांचा असेलच असं नाही. पावसात बिनधास्त चालवा, पण धुलाईच्या प्रेशर पंपाखाली घालू नका. ओल्या फडक्याने पुसा, चिखल लागला तर साध्या नळीचं पाणी. चार्जिंगच्या तोंडात ओल दिसली तर कोरडं करूनच पिन लावा.

रिजनवाल्यांनी ब्रेकही तपासत राहा. पॅड झिजत नाहीत म्हणून कोणी बघत नाही, आणि न वापरल्याने डिस्कवर गंज धरतो.

निळी छत्री

बैठक झाली, परवानगी मिळाली. काकांनी फाटकाजवळच्या उघड्या भिंतीलगतची जागा दाखवली, लाइन पुढच्या आठवड्यात टाकणार. आता एक नवीनच ऐकलं. मैत्रिणीची गाडी सकाळी सुरूच झाली नाही, आदल्या रात्री ७० टक्के दाखवत होती. पडदासुद्धा लागेना. हे कशाने?

तारयंत्र

ताई, बहुतेक १२ व्होल्टची लहान बॅटरी उतरली असेल. बऱ्याच गाड्यांत मोठ्या बॅटरीखेरीज ती वेगळी असते. पडदा, दिवे, हॉर्न आणि मोठ्या बॅटरीला जोडणारा रिले या सगळ्यांना जागं करायचं काम तिचं. ती झोपली की मोठीत कितीही वीज असली तरी गाडी हलत नाही. गाडी बरेच दिवस उभी राहिली, डिकीतला दिवा चालू राहिला, किंवा बाहेरून जास्तीचा दिवा नाहीतर अलार्म जोडून घेतला असेल तर असं होतं. मैत्रिणीला त्या बॅटरीचं व्होल्टेज मोजून घ्यायला सांगा. साधी शिशाची असेल आणि गाडी बंद असताना १२ च्या खाली दाखवत असेल तर ती वेगळी चार्ज करून बघायची, तरी टिकली नाही तर बदलायची. बदलताना आकार आणि क्षमता तीच घ्या, आणि बाहेरून काही जोडलेलं असेल तर आधी ते काढा, नाहीतर नवीही उतरेल.